तारीख व वेळ, संगणकातील (वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात)

संगणकाच्या प्रोग्राममध्ये तारीख आणि वेळ वाचणे, साठवणे, त्यांची बेरीज-वजाबाकी करणे आणि ती माणसाला कळेल अशा रूपात दाखवणे, ही कामे या विषयात येतात. काम वरवर सोपे दिसते, पण मुरलेला प्रोग्रामरही इथे वारंवार अडखळतो. दिवस आणि वर्ष आकाशातून येतात. घड्याळात किती वाजले हे मात्र सरकार, रेल्वे, महायुद्ध आणि पंचांगकर्ते ठरवत आले आहेत. वाशीमच्या आधारे हा विषय विशेष स्पष्ट होतो, कारण काळ जिथून मोजायचा त्या रेषेशीच या गावाचे नाव जोडलेले आहे.

मध्यरेषा व देशांतर : वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भारतीय ज्योतिषात लंका, उज्जयिनी आणि मेरू यांना जोडणारी दक्षिणोत्तर रेषा ही मध्यरेषा मानली जाई. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीया’त या रेषेवरची जी स्थाने सांगितली, त्यांत वात्स्यगुल्माचे नाव आहे. ही रेषा वाशीमच्या मध्यमेश्वराच्या देवळातून जाते, अशी स्थानिक परंपरा आहे. आजच्या मोजणीने उज्जैन पूर्व रेखांश ७५.८ अंशांच्या आसपास आणि वाशीम ७७.१ अंशांच्या आसपास आहे. हा फरक वेळेत सव्वापाच मिनिटांहून थोडा अधिक, म्हणजे तेरा-चौदा पळे भरतो. रेखांश अचूक मोजण्याची साधने नसलेल्या काळात एवढी जवळीक साधली गेली, हे कौतुकास्पदच आहे.

ग्रहगणित आधी मध्यरेषेसाठी करायचे आणि मग आपल्या गावाच्या अंतरानुसार ‘देशांतर’ संस्कार द्यायचा, ही त्या काळची पद्धत. आजचा संगणक हेच करतो. तो मूळ क्षण यूटीसी या जागतिक वेळेत ठेवतो आणि दाखवताना स्थानिक फरक मिळवतो. मध्यरेषेची जागा ग्रिनिचने घेतली; हिशोबाची मांडणी तीच राहिली.

अहर्गण व युनिक्स वेळ : महिने लहानमोठे असतात आणि अधिक मास मध्येच येतो. म्हणून गणितासाठी एका ठरावीक आरंभापासून नुसते दिवस मोजत जायचे, यालाच अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून मोजल्यास १ जानेवारी १९७० पर्यंत १८,५२,१२२ दिवस होतात. एवढे मोठे आकडे हाताने सांभाळणे कठीण, म्हणून कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ ग्रंथात शके १४४२ (इ. स. १५२०) हा नवा आरंभ घेतला आणि ४,०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे, एकेक चक्र बाजूला काढून अहर्गण लहान ठेवला. मराठी मुलखात पंचांगे पिढ्यान्‌पिढ्या याच ग्रंथावरून झाली. संख्या हाताळायच्या जागेत मावली पाहिजे, हा विचार त्यात चोख आहे.

युनिक्स प्रणालीने १ जानेवारी १९७० ची यूटीसी मध्यरात्र आरंभ धरली आणि दिवसांऐवजी सेकंद मोजले. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ चा दिवस आपल्याकडे ज्या क्षणी सुरू झाला, त्या क्षणाचा युनिक्स आकडा ८९,९२,३१,४०० येतो. सेकंदांचा हा वाढता आकडा ३२ बिटांच्या चिन्हयुक्त जागेत ठेवणाऱ्या प्रणालींत १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर, ती जागा संपेल आणि तारीख उलटून १९०१ सालात जाईल. ६४ बिटांच्या जागेत ही अडचण नाही. पण जुनी यंत्रे, जुन्या फाइली आणि मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टँप’ प्रकार वापरणारे जुने तक्ते आताच तपासायला हवेत. वीस-तीस वर्षांच्या मुदतीची कर्जे आणि निवृत्तिवेतने यांच्या हिशोबात २०३८ साल आजच येते.

प्रमाणवेळ : १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर, म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, ठरली. वाशीमची स्वतःची सौर वेळ तिच्यामागे सुमारे साडेएकवीस मिनिटे आहे. प्रमाणवेळ आल्यावरही मुंबई महापालिकेने ४ तास ५१ मिनिटांची जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

जगभरच्या अशा बदलांची नोंद ‘टीझेड’ नावाच्या सार्वजनिक माहितीसंचात असते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. त्यात संपूर्ण भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हे एकच नाव आहे, त्यामुळे वाशीमच्या संगणकालाही तेच द्यावे लागते. १९०६ नंतरच्या नोंदींना ते चालते. १८९० सालच्या वाशीमच्या घटनेला हे नाव लावले, तर संगणक मद्रास वेळ (५ तास २१ मिनिटे १० सेकंद) धरतो. वाशीमची सौर वेळ ५ तास साडेआठ मिनिटांच्या आसपास येते.

व्यवहारात याहून महत्त्वाचा आहे तो युद्धकाळ. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळे एक तास पुढे होती. एप्रिल १९४४ मध्ये सकाळी सहाला जन्मलेल्या आजोबांची कुंडली करताना प्रोग्रामने ‘+५:३०’ हा ठोकळ फरक वापरला, तर पूर्ण तासाची चूक होते आणि लग्नरास बदलू शकते. ‘एशिया/कोलकाता’ हे नाव वापरले तर ‘+६:३०’ आपोआप मिळतो. म्हणून फरकाचा नुसता आकडा न साठवता विभागाचे (टाइमझोनचे) नाव साठवावे. नावामागे नियमांचा इतिहास असतो. पुढच्या तारखांनाही हेच लागू पडते. अमेरिकेतल्या मुलीशी दर रविवारी रात्री नऊला बोलायचे ठरले असेल, तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे सरकतात, इकडची नाही. अशी भेट तिकडच्या घड्याळातल्या वेळेने न गोठवता ‘रात्री नऊ, भारत’ अशीच नोंदवावी.

साडेपाच तासांची घसरण : भारतीय प्रोग्राममधली ही सर्वांत नेहमीची आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत टाळता येण्यासारखी चूक आहे. ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै अशी लावलेली असते. फॉर्ममध्ये १ जून निवडला की प्रोग्राम त्याला भारतातली मध्यरात्र जोडतो आणि यूटीसीत बदलून साठवतो. साठते ३१ मे, सायंकाळी साडेसहा. पुढे कोणी त्यातला तारखेचा तुकडा तेवढा उचलला की दाखल्यावर ३१ मे उमटतो आणि आधार, शाळेचा दाखला, निवृत्तिवेतन यांत मेळ बसत नाही. यंत्राच्या एका दिवसाच्या चुकीपायी म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला खेटे घालावे लागावेत, हे अन्यायाचे आहे.

चुकीचे मूळ असे, की जन्मतारीख हा क्षण नाही. तिला तास नसतो, टाइमझोन नसतो. ती कॅलेंडरवरची एक चौकट असते. तिच्यासाठी वेगळा प्रकार वापरावा. जावाच्या आठव्या आवृत्तीत (२०१४) आलेल्या मांडणीत ‘लोकलडेट’, ‘इन्स्टंट’ आणि ‘झोन्डडेटटाइम’ असे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि ही विभागणी विचार करून केलेली आहे. जावास्क्रिप्टच्या जुन्या ‘डेट’ प्रकारात मात्र सगळे एकत्र कोंबलेले आहे. त्यात ‘१९९८-०७-०१’ एवढाच मजकूर यूटीसीतला धरला जातो. त्यालाच विभाग न लिहिता वेळ जोडली, तर तो स्थानिक समजला जातो. शिवाय महिने शून्यापासून मोजले जात असल्याने जुलैचा आकडा सहा.

तारखेसारखे दिसणारे आकडे : जमिनीचा गट क्रमांक १२/३ किंवा ७/१२ हे शब्द स्प्रेडशीटमध्ये टाइप केले की त्यांची तारीख होते, आणि संगणकाच्या सेटिंगनुसार ७/१२ चे ७ डिसेंबर किंवा १२ जुलै होते. एकदा बदल झाला की आत दिवसांचा आकडा उरतो आणि मूळ गट क्रमांक खात्रीने परत मिळत नाही. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवणे हाच उपाय. देवनागरी अंकांचीही वेगळी काळजी घ्यावी लागते. पायथन ‘१२’ हे थेट बारा म्हणून वाचतो, जावास्क्रिप्ट ते संख्या मानत नाही. आदानप्रदानासाठी वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम निःसंदिग्ध आहे.

कालावधी : वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. पीक विम्यात स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. नुसत्या तारखा वजा करून ‘तीन दिवस’ मोजणारा प्रोग्राम १ तारखेच्या रात्री साडेबारापासून ४ तारखेच्या रात्री साडेअकरापर्यंतचे ९५ तासही मुदतीत धरेल. तासांची अट असेल तर दोन क्षणच वजा करावे लागतात. शेतात रेंज नसताना भरलेली माहिती नंतर पोहोचते, म्हणून भरल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ दोन्ही ठेवाव्यात. एकीवरून दुसरी ठरवता येत नाही. नोंदीला लागू असलेला काळही असतो. १९९० साली वाशीममध्ये जन्मलेल्याचा त्या वेळचा जिल्हा अकोला, आजचा वाशीम. जिल्ह्याच्या नावासोबत ‘केव्हापासून’ हा रकाना नसला तर जुन्या नोंदी आपसूक खोट्या ठरतात.

लीप सेकंद : पृथ्वीच्या अनियमित गतीमुळे १९७२ पासून यूटीसीत २७ जादा सेकंद घातले गेले. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या तोंडावर आला. युनिक्स वेळेत त्याला जागाच नाही. २०३५ पर्यंत ही पद्धत बंद करण्याचे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरले आहे.

राष्ट्रीय दिनदर्शिका व तिथी : मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली शक दिनदर्शिका संगणकाला सोपी आहे. महिन्यांचे दिवस ठरलेले असल्याने १ जुलै १९९८ म्हणजे १० आषाढ १९२० हे चार ओळींच्या प्रोग्रामनेही काढता येते. पंचांगातली तिथी तशी नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते आणि तिला साधारण १९ ते २६ तास लागतात. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, म्हणून कधी एखादी तिथी गळते, कधी दोन दिवस राहते. आणि सूर्योदय गावागणिक वेगळा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएलसोबत १८९६ मध्ये ‘द इंडियन कॅलेंडर’ ग्रंथात दिलेली कोष्टके या गणिताची वाट पायरीपायरीने दाखवतात. आज्ञावली लिहिणाऱ्याने ती आजही पाहावीत.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याची नृसिंहसरस्वती जयंती पौष शुद्ध द्वितीयेला असते, पोहरादेवीची यात्रा रामनवमीला. ॲपमध्ये त्यांच्या पुढच्या दहा वर्षांच्या इंग्रजी तारखा हाताने भरून ठेवण्यापेक्षा नियम साठवावा. पोहरादेवीसाठी तो ‘चैत्र शुद्ध नवमी, मध्यान्हव्यापिनी, ठिकाण पोहरादेवी’ असा होईल. तारीख दरवर्षी त्यावरून काढावी, आणि निघालेल्या तारखेशेजारी ती कोणत्या पंचांगाच्या गणिताने आली हेही लिहावे, कारण दोन पंचांगांत एका दिवसाचा फरक पडू शकतो.