उभ्या पिकाचे मोजमाप

वाढत्या वस्तूचे मान तिला धक्का न लावता कसे घ्यावे, हा प्रश्न सर्वच कृषिसंस्कृतींना पडलेला आहे. प्रचंड भोपळे वाढविणारे पाश्चात्त्य बागाईतदार फळाचा घेर, देठाकडून तळाकडे उभी व एका कुशीकडून दुसरीकडे आडवी अशी तीन मापे फितीने घेतात आणि त्यांच्या बेरजेवरून, फळ वेलीवर ठेवूनच, कोष्टकाच्या आधारे वजनाचा अंदाज करतात. कर्जत-खालापूरच्या मुलखात हाच प्रश्न भाताच्या खाचरांत उभा राहिला. पण तेथे मापावर रयतेची वर्षभराची भाकरी अवलंबून होती.

कर्जत तालुका १८९१ साली ठाणे जिल्ह्यातून ज्या कुलाबा जिल्ह्यात आला, त्यातील खोती गावांतून उभे पीक नजरेने अजमावून खोताचा हिस्सा ठरविण्याची वहिवाट होती. तिला अभावणी म्हणत. रयतवारीत धारा पाहणीने कायम झाला, तरी नापिकीच्या साली तहकुबी द्यावयाची की नाही हे आणेवारीवरच, म्हणजे पीक किती आणे आले याच्या अंदाजावरच, ठरे आणि चार आण्यांच्या आत पीक आले तरच संपूर्ण तहकुबी मिळे. १९१८ चा खेडा सत्याग्रह मुख्यतः याच अंदाजाच्या वादातून उद्भवला. अनुभवी कुणब्याची नजर लोंबीचा भार अचूक ओळखते. परंतु ज्याला वसूल हवा आणि ज्याला सूट हवी, त्या दोघांच्या नजरा एकाच खाचरात भिन्न पीक पाहतात.

१९१९ साली कर्जत येथे भातसंशोधन केंद्र स्थापन झाले. रोपाची उंची, फुटव्यांची संख्या, लोंबीची लांबी ही रोप न उपटता घ्यावयाची मापे भाताच्या शास्त्रीय अभ्यासाचा पायाच होत. पुढे १९४० नंतरच्या दशकात वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी यदृच्छेने निवडलेल्या शेतातील लहानसा तुकडा कापून, झोडून व तोलून साऱ्या प्रदेशाचे उत्पन्न काढण्याची पद्धत रूढ केली. मूठभर पीक आधी कापले जाते, बाकीचे अबाधित राहते आणि अंदाजाचा मक्ता एका अंमलदाराच्या डोळ्यांकडे राहत नाही, हे या पद्धतीचे खरे श्रेय होय.

आज आण्यांच्या जागी पैसे आले आहेत आणि पन्नास पैशांच्या आतील पैसेवारी टंचाईची खूण मानली जाते. म्हणून ती ठरविणारा कापणीचा प्रयोग आपल्या शिवारात होईल तेव्हा शेतकऱ्याने बांधावर हजर राहावे, तोललेला आकडा स्वतः पाहावा आणि मगच पंचनाम्यावर सही करावी.