तीस सेकंद : एका लहानशा ज्योतीचा इतिहास

अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे आम्ही गेल्या हिवाळ्यात उतरलो होतो. एका संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यातील गॅसची फायरप्लेस पेटेना. तिच्या तळाशी अहोरात्र तेवणारी एक इवलीशी निळी ज्योत असते, तिला ‘पायलट’ म्हणतात. ती विझली होती. उपाय माहितीपत्रिकेत दिलेला होता : नॉब आत दाबून ज्योत पेटवावी आणि पेटल्यानंतरही तो तीस सेकंद ते एक मिनिट दाबूनच धरावा. स्नेह्यांनी तीनदा हा विधी यथासांग पार पाडला; तिन्ही वेळा हात काढताच ज्योत मावळली. आत त्यांचे वृद्ध वडील शाल लपेटून बसलेले. नॉब तारेने बांधूनच टाकावा, असेही स्नेह्यांच्या मनात येऊन गेले.

मोठ्या अग्नीसाठी लहान अग्नी राखून ठेवण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. श्रौत परंपरेतील गार्हपत्य अग्नी अखंड राखला जाई आणि आहवनीय त्यातून प्रज्वलित केला जाई. तो विझल्यास काय करावे, याची प्रायश्चित्ते सूत्रग्रंथांत आहेत. माहितीपत्रिका हे त्याच जातीचे वाङ्मय म्हणायचे! परंतु गार्हपत्याची राखण यजमान करी. नळीतून येणाऱ्या अग्नीपाशी कोणी बसून राहत नाही, आणि ज्योत विझली म्हणून गॅस वाहायचा थांबत नाही. नैसर्गिक गॅसला तर स्वतःचा वासही नसतो. टेक्सासमधील न्यू लंडन येथे १८ मार्च १९३७ रोजी गळलेल्या गॅसच्या स्फोटात शाळेतील सुमारे ३०० जण, बहुतांशी मुले, मृत्युमुखी पडली. गॅसला मुद्दाम दुर्गंध देण्याचा टेक्सासचा कायदा त्यानंतरचा. म्हणूनच तो वास आला तर काहीही पेटवू नये, घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच फोन करावा.

पायलटपाशी यजमानाची जागा घेतली ती थर्मोकपल नावाच्या बोटभर धातूच्या कांडीने. तिची कथा बर्लिनमध्ये सुरू होते. टोमास योहान झेबेक हा येना येथील वास्तव्यात गटेच्या निकट आलेला संशोधक. गटेच्या १८१० च्या रंगविषयक ग्रंथात झेबेकच्या प्रयोगांचाही समावेश आहे. साहित्याच्या इतिहासात त्याचे नाव येते ते बहुधा एवढ्यापुरतेच. १८२१ मध्ये त्याने तांबे आणि बिस्मथ यांच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडल्या, एक सांधा तापवला, आणि जवळची होकायंत्राची सुई हलली. वर्षभरापूर्वीच अर्स्टेडने विद्युतप्रवाहाने सुई हलते हे दाखवले होते. तरीही झेबेकने निष्कर्ष काढला तो असा, की उष्णतेने धातूत चुंबकत्व येते. पृथ्वीचे चुंबकत्वही तापमानातील फरकाने उपजते, इथवर तो गेला. वस्तुतः सांध्यांच्या तापमानातील फरकामुळे वर्तुळात वीज वाहत होती, सुई हलवीत होती ती ती वीज. ‘थर्मोइलेक्ट्रिसिटी’ हे नाव अर्स्टेडने दिले. झेबेकने ते कधी मनापासून स्वीकारले नाही. आम्हांला या हट्टाचे थोडे कौतुकच वाटते. स्पष्टीकरण चुकले, पण निरीक्षण इतके चोख होते की त्याच्यावर आज घरे विसंबून आहेत.

तीस सेकंदांचे कोडे इथे सुटते. ज्योतीत तापलेली कांडी जेमतेम ३० मिलिव्होल्ट देते, म्हणजे टॉर्चमधील एका सेलच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे. एवढ्याशा विजेवर चालणारे विद्युतचुंबक गॅसची झडप ओढून उघडू शकत नाही. उघडलेली झडप धरून ठेवण्यापुरतेच त्याचे बळ. उघडण्याचे काम माणसाच्या हाताने करायचे आणि कांडी तापेपर्यंत तोच हात तिथे ठेवायचा. पुढे ज्योत विझली की कांडी निवते, चुंबक सोडते, गॅस आपोआप बंद होतो. तारेने नॉब बांधणे म्हणजे या पहारेकऱ्याचेच हात बांधणे, आणि आम्ही ते स्नेह्यांना जरा कठोरपणेच सांगितले.

पेटलेली ज्योत हात काढताच विझते, तेव्हा दोष बहुधा ज्योतीत नसून तिच्या साक्षीदारात असतो : टोकावर काजळी धरलेली, टोक ज्योतीबाहेर सरकलेले, सांधा ढिला, किंवा कांडीच जीर्ण. (ज्योतच पिवळी आणि मलूल असेल तर मात्र तिच्या बारीक छिद्रातला कचरा आधी पाहावा.) आमच्या इथे काजळी होती. गॅस बंद करून सारे निवू दिले, कांडीचे टोक बारीक स्टील वूलने हलकेच पुसले, ते ज्योतीच्या मधोमध येईल असे बसवले. गॅसचा वास नाही याची पुन्हा खात्री केली. मग स्नेह्यांनी नॉब दाबला, ज्योत पेटवली, आणि आम्ही घड्याळ पाहत राहिलो. पंचेचाळिसाव्या सेकंदाला त्यांनी हात काढला.

ज्योत राहिली. वडिलांनी खुर्ची पुढे ओढली आणि चहाचे काय झाले, असे विचारले.