इंग्लिश खाडीच्या तळाचीं दप्तरें

१. जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. एखाद्या घराण्याचा रुमाल सोडला असतां आंतील पत्रें ज्या क्रमानें बांधलेलीं असतात, तो क्रमच पुष्कळ वेळां साक्ष देतो. मिति नसलेल्या पत्राचा काळ शेजारच्या पत्रावरून ठरतो. सही नसलेल्या यादीचा लेखक खालच्या-वरच्या कागदांवरून ओळखतां येतो. तेंच पत्र कोणी सुटें करून बाजारांत आणलें, तर अक्षर तेंच आणि कागदहि तोच असतो. परंतु त्याची निम्मी साक्ष नाहींशी झालेली असते. हा अनुभव ज्यांनीं घेतला आहे, त्यांस प्रस्तुत लेखाचा विषय दूरचा असला तरी परका वाटणार नाहीं. इंग्लंडचा दक्षिण किनारा, म्हणजे सिली बेटांपासून केंट परगण्यापर्यंतचा इंग्लिश खाडीचा उत्तर कांठ, हें असेंच एक मोठें दप्तर आहे. तळाशीं पडलेलीं फुटकीं जहाजें हे त्यांतील रुमाल, आणि ते सोडणारे हात पाणबुड्यांचे. हे रुमाल कसे सोडले गेले, व त्यांपैकीं आपल्या देशाच्या इतिहासाशीं निगडित असलेल्यांचें काय झालें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

२. प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. कॉर्नवॉलच्या पश्चिम टोंकापासून सुमारें २८ मैलांवर सिली बेटें आहेत. त्यांच्या नैर्ऋत्येस समुद्रांतून डोकें काढणाऱ्या खडकांची एक रांग असून तीस ‘वेस्टर्न रॉक्स’ म्हणतात. तेथून पूर्वेकडे येतांना लिझर्ड भूशिराच्या पलीकडे मॅनॅकल्स नांवाचे खडक लागतात. भरतीच्या वेळीं त्यांतील बहुतेक पाण्याखालीं जातात. १४ ऑक्टोबर १८९८ रोजीं ‘मोहीगन’ ही आगबोट त्यांवर आदळून १०६ माणसें प्राणांस मुकलीं. पुढें प्लिमथसमोर एडिस्टन, पोर्टलंडजवळ शॅम्बल्स, आणि खाडी अरुंद होते तेथें केंटसमोर गुडविन नांवाचा वाळूचा प्रचंड दांडा. लंडनहून हिंदुस्थानाकडे निघणाऱ्या कंपनीच्या गलबतांना गुडविनला वळसा घालून खाडींत शिरावें लागे, आणि पुढील खडकांचा धाक खाडी सुटेपर्यंत बाळगावा लागे.

हा समुद्र कोंकणच्या समुद्रासारखा ऊबदार नव्हे. हिवाळ्यांत पाण्याचें उष्णमान आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतें व उन्हाळ्यांतहि सोळा-सतरा अंशांच्या फारसें वर जात नाहीं. प्रवाहांचा जोर इतका कीं, भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीं पाणी जेवढा वेळ स्थिर असतें, तेवढ्यांतच पाणबुड्यानें आपलें काम उरकावयाचें. उथळ खडकांवर केल्प नांवाच्या, चामड्याच्या पट्ट्यांसारख्या वनस्पतीचें रान माजलेलें असतें. त्याच्या खालीं कातळाचे उभे कडे रंगीबेरंगी समुद्रफुलांनीं झांकलेले असतात. हें दृश्य पाहण्यासाठींच पुष्कळ लोक तेथें बुडी घेतात. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा भेद निराळा आहे. खडकावर फुटलेल्या जहाजाचें लांकूड लाटांच्या व लांकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या तोंडीं जातें; तोफा, नांगर आणि भेगांत घसरलेलीं नाणीं एवढेंच काय तें उरतें. गाळांत किंवा वाळूंत रुतलेलें जहाज मात्र, हवेचा संपर्क तुटल्यामुळें, शेंकडों वर्षें टिकूं शकतें. पहिलें दप्तर वाऱ्यावर गेलेलें, दुसरें बांधलेल्या स्थितींत राहिलेलें.

३. बुडालेला माल वर काढण्याचा उद्योग नवा नाहीं. डेव्हनचा जॉन लेथब्रिज यानें १७१५ सालीं पिंपासारखें एक यंत्र करून, त्यांत स्वतः पडून व हात तेवढे बाहेर काढून, पाण्याखालीं काम करण्याची युक्ति शोधली. ५ फेब्रुवारी १८०५ रोजीं ईस्ट इंडिया कंपनीचें ‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी’ हें जहाज बंगाल व चीन यांकडे निघालें असतां शॅम्बल्सवर लागलें आणि त्याच रात्रीं वेमथच्या उपसागरांत बुडालें. कप्तान जॉन वर्ड्स्वर्थ हा वर्ड्स्वर्थ कवीचा धाकटा भाऊ. तो व त्याच्याबरोबर अडीचशेंच्या आसपास माणसें मेलीं. जहाजावर चांदीच्या डॉलरांच्या पेट्या होत्या. त्या जॉन ब्रेथवेट नामक पाणबुड्यानें थोड्याच काळांत वर काढल्या. चांदी निघून गेल्यावर त्या सांगाड्याकडे कोणी फिरकेना. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हौशी संशोधकांच्या एका मंडळीस तेथें वर्षानुवर्षें शांतपणें खोदकाम करून, प्रत्येक फळी व प्रत्येक वस्तु जागच्या जागीं मोजून नोंदतां आली.

या कामांत हौशी माणसाचा प्रवेश कसा झाला, हेंहि सांगितलें पाहिजे. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं पाठीवरील टाकींतील हवा श्वासाच्या गरजेप्रमाणें पुरविणारें साधन सिद्ध केलें. या जातीच्या उपकरणास पुढें ‘स्कूबा’ हें नांव रूढ झालें. १९५३ सालीं ‘ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब’ स्थापन झाला. तोंपर्यंत समुद्राचा तळ सरकारास आणि सावकारास तेवढा खुला होता. तो आतां सुटीच्या दिवशीं कारकुनास व शाळामास्तरासहि खुला झाला. यापुढील सर्व बरेंवाईट या एका गोष्टींतून निघालें.

४. सिली बेटांवरील अनर्थ इंग्रजी आरमाराच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. सर क्लाउड्स्ली शॉव्हल याचें आरमार भूमध्य समुद्रांतून परत येत असतां २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्रीं (नव्या गणनेनें २ नोव्हेंबर) वेस्टर्न रॉक्सवर गेलें. ‘असोसिएशन’, ‘ईगल’, ‘रॉम्नी’ आणि ‘फायरब्रँड’ हीं चार जहाजें बुडालीं. मृतांची संख्या निरनिराळ्या अदमासांप्रमाणें चौदाशें ते दोन हजार. शॉव्हलचें प्रेत सेंट मेरी बेटाच्या किनाऱ्यास लागलें व पुढें वेस्टमिन्स्टर ॲबेंत पुरण्यांत आलें. अंगठीच्या लोभानें एका बाईनें त्यास किनाऱ्यावर मारल्याची एक आख्यायिका आहे. ती आपल्याकडील बखरींतल्या आख्यायिकांच्याच मोलाची समजावी.

रेखांश मोजण्याची खात्रीची रीत नसल्यामुळें हा अनर्थ झाला व त्यामुळेंच १७१४ चा रेखांशाचा कायदा झाला, असें सर्रास सांगण्यांत येतें. परंतु बचावलेल्या जहाजांच्या रोजनिशा उपलब्ध आहेत. १९६० सालीं डब्ल्यू. ई. मे यानें त्या एकत्र तपासल्या तेव्हां अक्षांशांच्या गणितांतहि मोठी तफावत आढळली. एका सोप्या कथेस मूळ कागदांनीं दिलेला हा धडा आपल्या वाचकांस ओळखीचा वाटेल.

१९६७ सालीं आरमाराच्या पाणबुड्यांस गिलस्टन खडकाजवळ तोफा व सोन्याचांदीचीं नाणीं सांपडलीं, आणि बातमी फुटतांच तेथें एकच झुंबड उडाली. प्रतिस्पर्धी टोळ्या एकाच भेगेंत उतरूं लागल्या. सुरुंगाची दारूहि वापरण्यांत आली. १९६९ सालीं वस्तूंचा लंडनमध्यें लिलांव झाला. त्या खडकांत एका रात्रींत अनेक जहाजें फुटलेलीं. तेव्हां कोणती तोफ कोणत्या जहाजाची, याचा निर्णय मुख्यतः ती जेथें पडली त्या जागेवरूनच व्हावयाचा. जागाच नोंदली नाहीं, तर तो निर्णय कायमचा बुडाला. या लुटारूपणास प्रचलित कायद्याची आडकाठी जवळ जवळ नव्हतीच. १८९४ च्या कायद्याप्रमाणें सांपडलेला माल सरकारी अधिकाऱ्यास कळवावयाचा, वर्षाच्या आंत मालकास वाट द्यावयाची, आणि शोधणाऱ्यानें मोबदला घ्यावयाचा. त्या कायद्याच्या दृष्टीनें बुडालेली वस्तु हा केवळ माल होता.

५. या प्रकाराचा परिणाम म्हणून १९७३ सालीं बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. इतिहासदृष्ट्या महत्त्वाचें स्थळ सरकारनें जाहीर करावें व परवान्यावांचून तेथें कोणी बुडी घेऊं नये, हें त्याचें सार. प्लिमथच्या बंदरांतील ‘कॅटवॉटर’ हें पहिलें संरक्षित स्थळ त्याच वर्षीं जाहीर झालें.

रुमाल क्रमानें सोडला म्हणजे काय मिळतें, याचें उदाहरण ‘मेरी रोझ’. आठव्या हेन्रीचें हें लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजीं पोर्टस्मथसमोर बुडालें. १९७१ सालीं त्याची जागा निश्चित झाली, आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं त्याचा सांगाडा वर आला. त्यांतून १९,००० हून अधिक वस्तु मिळाल्या. काम करणारे पांचशें पाणबुडे बहुतेक स्वयंसेवकच होते. सिलीच्या खडकांवर झुंबड करणाऱ्यांत व यांच्यांत साधनाचा फरक नव्हता, नोंदीचा होता. एका कोठडींत शस्त्रवैद्याची पेटी साठांहून अधिक वस्तूंसह सांपडली. त्यावरून ती कोठडी वैद्याची ठरली. दुसरींत सुताराचीं हत्यारें मिळालीं; ती सुताराची ठरली. हीच पेटी लिलांवांत सुटी आली असती, तर एक सुंदर पेटी यापलीकडे तिच्याविषयीं काय सांगतां आलें असतें?

६. आतां आपल्या देशाशीं प्रत्यक्ष संबंध असलेलें एक प्रकरण. जानेवारी १८०९ च्या अखेरच्या आठवड्यांत कंपनीचें ‘ॲडमिरल गार्डनर’ हें जहाज मद्रासेकडे निघालें असतां वादळांत सांपडून गुडविनच्या वाळूवर फुटलें. त्याच वादळांत ‘ब्रिटानिया’ हें कंपनीचें दुसरें जहाजहि तेथेंच गेलें. ‘गार्डनर’वर मद्रास इलाख्यासाठीं पाडलेलीं दहा व वीस काशांचीं तांब्याचीं नाणीं चाळीस टनांहून अधिक वजनाचीं होतीं. तीं बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळींत १८०८ सालीं पाडलेलीं. एका बाजूस कंपनीचें चिन्ह व साल, दुसऱ्या बाजूस फारसी अक्षरांत किंमत.

सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं तीं वर आलीं. १९८५ च्या सुमारास दहा लाखांच्या आसपास नाणीं काढण्यांत आलीं. कायद्याची गंमत अशी कीं, हें स्थळ त्याच वर्षीं संरक्षित जाहीर झालें. परंतु तें किनाऱ्यापासून तीन मैलांच्या तत्कालीन सरकारी हद्दीबाहेर असल्याचें ध्यानांत येऊन पुढच्या वर्षीं ती जाहिरात रद्द करावी लागली. १९८७ सालीं हद्द बारा मैलांपर्यंत वाढली, आणि १९९० सालीं तें पुन्हां संरक्षित झालें. मधल्या काळांत तीं नाणीं जगभरच्या बाजारांत पसरलीं होतीं. त्यांतील कांहीं आपल्या वाचकांच्या संग्रहांतहि असतील.

येथें केवळ हळहळीपेक्षां अधिक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. हीं नाणीं मद्रासेस कधीं पोंचलींच नाहींत. ज्या रयतेसाठीं तीं पाडलीं, तिच्या हातीं त्यांतील एकहि नाणें गेलें नाहीं. आज संग्राहकाच्या डब्यांत १८०८ सालचीं अशीं पंचवीस नाणीं चांगल्या स्थितींत पाहून एखादा अभ्यासक लिहील कीं, त्या सालीं मद्रास इलाख्यांत तांब्याच्या चलनाची रेलचेल होती. त्याचें अनुमान तर्कास धरून असेल आणि तरीहि सर्वस्वीं चूक असेल. दक्षिणेंत जमिनींत सांपडलेलें याच छापाचें एक झिजलेलें नाणें चलनाचा पुरावा आहे. गुडविनच्या वाळूंतील लाख कोरीं नाणीं तो पुरावा नव्हेत. दोहोंतील भेद सांगणारी एकच वस्तु, ती म्हणजे नाणें कोठून आलें याची चिठ्ठी. खाऱ्या पाण्यानें धातूवर पडलेली खूणहि ओळखतां येते; पण विक्रेता नाणें घांसूनपुसून विकतो, तेव्हां तीहि जाते.

७. दुसरें प्रकरण मुंबईस जवळचें आहे. २ डिसेंबर १९११ रोजीं बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी अपोलो बंदरावर उतरलीं. त्या प्रसंगाचें स्मारक म्हणून पुढें तेथें ‘गेटवे ऑफ इंडिया’ उभी राहिली. तीं ज्या आगबोटीनें आलीं, ती पी. अँड ओ. कंपनीची ‘मेडिना’. २८ एप्रिल १९१७ रोजीं डेव्हनच्या स्टार्ट पॉइंटसमोर जर्मन पाणबुडीनें तीस बुडविलें. बंगालचे गव्हर्नर लॉर्ड कारमायकेल यांची कारकीर्द नुकतीच संपली होती, व त्यांचें सामान या बोटीवर होतें. कारमायकेल हे स्वतः मार्मिक संग्राहक. हिंदुस्थानांत जमविलेल्या त्यांच्या कलावस्तु बोटीबरोबर तळाशीं गेल्या. साठ मीटरांच्या आसपास खोलीवरून त्यांतील कांहीं वस्तु १९८० नंतरच्या दशकांत काढण्यांत आल्या, आणि १९८८ सालीं लंडनमध्यें त्यांचा लिलांव झाला. एका जाणत्या माणसानें एके ठिकाणीं जमविलेला संग्रह समुद्रानें सत्तर वर्षें एकत्र ठेवला होता. तो लिलांवांत फुटला.

८. हें सर्व सांगण्यांत पाणबुड्यांस दोष देण्याचा हेतु नाहीं. ‘मेरी रोझ’ त्यांनींच शोधली, व ‘ॲबरगॅव्हेनी’च्या नोंदी त्यांनींच केल्या. दोषाचा वांटा किनाऱ्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाकडेहि जातो, आणि तें गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखा संग्राहकच. सुट्या नाण्यास किंमत देणारा नसता, तर भेगेंत दारू ठासणाराहि नसता. २००१ सालीं युनेस्कोनें केलेल्या करारांत पाण्याखालील वस्तु शक्य तों जागच्या जागीं राखाव्या व त्यांचा व्यापार करूं नये असें तत्त्व मान्य झालें आहे; परंतु करार कितीहि झाले तरी डबा ज्याच्या हातीं, नोंद त्याच्याच हातीं.

म्हणून संग्राहकांस विनंती एवढीच आहे. आपल्या संग्रहांत १८०८ सालचीं दहा किंवा वीस काशांचीं नाणीं असल्यास तीं केव्हां, कोणाकडून व काय सांगून घेतलीं, तें एका चिठ्ठीवर लिहून नाण्याशेजारीं ठेवावें. गुडविनचीं असल्याचें ठाऊक असेल तर तसें स्पष्ट लिहावें. ठाऊक नसेल तर तेंहि लिहावें. नाणें दुसऱ्यास देतांना चिठ्ठी बरोबर द्यावी. पुढें कधीं कोणी मद्रास इलाख्याच्या चलनाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हां त्यास नाण्यापेक्षां त्या चिठ्ठीचा उपयोग अधिक होईल.