बावला खून खटला: एक पुस्तक, चार मतं आणि माझी एक चूक

तुम्ही लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून ऐकत असाल, किंवा रात्री जेवणानंतर भांडी घासता घासता. आजच्या भागात नवी केस नाहीये. जुनीच केस आहे, पण ती सांगताना मी काय चुकलो, ते सांगायचंय.

धवल कुलकर्णी यांचं 'द बावला मर्डर केस' हे इंग्रजी पुस्तक २०२१ मध्ये आलं. मी ते वाचलं, त्यावर एक भाग केला आणि मग पुस्तक ओळखीच्यांत फिरवलं. ज्याने त्याने वेगळंच मत दिलं. त्या मतांनी मला परत पहिल्या पानावर नेऊन बसवलं.

ज्यांना केस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १२ जानेवारी १९२५, संध्याकाळची वेळ, मुंबईतलं मलबार हिल. अब्दुल कादिर बावला हा श्रीमंत कापड व्यापारी गाडीतून फिरायला निघाला होता. वय जेमतेम पंचवीस. सोबत मुमताज बेगम, वय साधारण बावीस. दुसऱ्या एका गाडीने त्यांना अडवलं. त्यातल्या माणसांनी मुमताजला ओढून न्यायचा प्रयत्न केला. बावला मध्ये पडला, त्याला गोळ्या घातल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार केले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले. त्यातला लेफ्टनंट सेगर्ट हातातली गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर धावला. त्याला गोळी लागली, पण मुमताज वाचली आणि हल्लेखोरही हाती लागले. बावला मात्र गेला.

मुमताज आधी इंदूरच्या तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारात होती. तिथून पळून ती मुंबईला आली होती. पकडलेले लोकही इंदूरकडचे निघाले. शफी अहमद हा तिथल्या घोडदळ पोलिसातला, आनंदराव फणसे हे तर इंदूरच्या फौजेतले बडे अधिकारी. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप यांच्यासमोर खटला चालला. फणसे यांचे वकील होते महंमद अली जिना. हो, तेच जिना. मे १९२५ मध्ये निकाल लागला. शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि शामराव दिघे या तिघांना फाशीची शिक्षा झाली, फणशांसह काहींना जन्मठेप.

आता मतं.

पहिलं मत माझ्या रूममेटचं. तो थ्रिलर वाचणारा माणूस. म्हणाला, "सगळं वाचलं रे, पण मेन माणूस कोण ते कळलंच नाही. शेवट कुठाय?" त्याचं म्हणणं खोटं नाही. न्यायमूर्तींनीच म्हटलं होतं की या लोकांच्या मागे आणखी कुणीतरी आहे, पण नेमकं कोण ते आम्हाला दाखवता येत नाही. दहा वर्षं महाराजांकडे राहिलेल्या बाईला पळवायचा प्रयत्न होतो, तेव्हा संशय इंदूरकडे जाणं गैर नाही, असंही ते म्हणाले. कोर्ट इथपर्यंतच जाऊ शकलं. संस्थानच्या राजाला ब्रिटिश कोर्टात आरोपी म्हणून उभं करता येत नव्हतं. म्हणजे रूममेट ज्याला पुस्तकातली त्रुटी म्हणतोय, ती तेव्हाच्या राज्यव्यवस्थेतली आहे. लेखकाने ती मनाने भरून काढली असती, तर पुस्तक चटकदार झालं असतं आणि खोटंही.

दुसरं मत इंदूरच्या मावशीचं. तिला मी फोनवर पुस्तकाचा सारांश सांगितला. ती सरळ चिडली. "इंग्रजांना आपला राजा नको होता, म्हणून अडकवला. त्यांच्या नावाचं आख्खं मार्केट आहे इथे!" एम. टी. क्लॉथ मार्केट, म्हणजे महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट. मावशीच्या निम्म्या साड्या तिथल्याच. आणि राजाची चांगली बाजूही खरी आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी पुण्यात अस्पृश्यांसाठी जे काम उभं केलं, त्याच्या इमारतीला होळकरांनी देणगी दिली. म्हणून तर त्या जागेचं नाव अहल्याश्रम. पण मावशी, एका हाताने दिलेली देणगी दुसऱ्या हाताचा हिशेब पुसत नाही.

तिसरं मत आमच्या टीममधल्या एका सीनियरचं. "निर्दोष असता तर गादी सोडली असती का?" झालं असं की सरकारने महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर पायउतार व्हा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि अल्पवयीन मुलगा यशवंतराव गादीवर आला. आता नीट विचार करा. चौकशी टाळली याचा अर्थ गुन्हा केला असाही होऊ शकतो, आणि परक्या सरकारच्या आयोगावर विश्वास नव्हता असाही. मावशी म्हणते सिद्ध झालं नाही म्हणून निर्दोष. सीनियर म्हणतो गादी सोडली म्हणून दोषी. जी चौकशी झालीच नाही, तिचा निकाल दोघांनीही घरबसल्या लावला. आम्ही कोड लिहिणारे लोक हे रोज करतो. सर्व्हर पडतो, लॉग अर्धाच मिळतो, आणि मीटिंगमध्ये प्रत्येकाला कारण पाठ असतं.

आणि हाच सीनियर चहा पिताना पुढे म्हणाला, "काही म्हण, एका बाईपायी किती जणांचं वाटोळं झालं."

मी मान डोलावली. खरंच डोलावली. कारण माझ्या भागाचं नाव काय होतं? 'जिच्यामुळे राजाची गादी गेली'.

चौथं मत माझ्या धाकट्या बहिणीचं. तिने पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि मग माझा भाग ऐकला. म्हणाली, "दादा, तू चाळीस मिनिटं बोललास. गाडी कुठली, पिस्तूल कुठलं, वकील कोण, सगळं सांगितलंस. तिने कोर्टात काय सांगितलं, ते कुठाय?"

मी भाग परत ऐकला. एक वाक्यही नव्हतं. मुमताज तिथे फक्त 'सुंदर नर्तकी' होती. मग साक्षीची पानं पुन्हा काढली. ती कोर्टात उभी राहून सांगते की इंदूरमध्ये तिच्यावर पहारा असायचा. तिला मुलगी झाली आणि त्या मुलीला मारण्यात आलं, असा तिचा आरोप होता. त्यानंतर तिला तिथे राहायचं नव्हतं. चेहऱ्यावर ताज्या जखमांच्या खुणा घेऊन, भरलेल्या कोर्टात, एका राजाच्या माणसांविरुद्ध बावीस वर्षांची मुलगी हे बोलते. त्या काळात लोक तिला पाहायला गर्दी करायचे. त्याच वर्षी या प्रकरणावर बेतलेला 'कुलीन कांता' हा मूकपटही आला. मूकपट! तिची गोष्ट लोकांनी पाहिली, पण तिथेही तिला आवाज नव्हता. शंभर वर्षांनी माझ्याकडे माइक होता, आवाज होता, आणि मीही तेच केलं.

'एका बाईपायी' म्हणताना आपण क्रम उलटा लावतो. तिने काय केलं? ती निघून गेली, आणि बोलावलं तेव्हा परत आली नाही. एवढंच. गाडी दुसऱ्यांनी आणली, पिस्तूल दुसऱ्यांनी चालवलं, चाकू दुसऱ्यांनी काढला. तिचं 'नाही' ज्यांना सहन झालं नाही, त्यांच्यापायी बावला गेला. आणि बावलाचंही बघा. खटल्याला नाव त्याचं, पण माझ्या पूर्ण भागात त्याच्या वाट्याला दोन मिनिटं आली. तो पळून जाऊ शकला असता. तो मध्ये पडला.

तुकोजीरावांचं पुढे काय झालं, हे पुष्कळांना माहीत असतं. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, ती शर्मिष्ठादेवी झाली, त्याच्याही बातम्या झाल्या. राजाची गोष्ट पुढे चालू राहते. मुमताजची गोष्ट मात्र खटला संपला की आपणच बंद करतो.

तर, पुस्तक कसं आहे? वाचा. खुनी शोधायला वाचाल तर रूममेटसारखे वैतागाल. एक माणूस मेल्यावर पोलीस, कोर्ट, वर्तमानपत्रं, संस्थान आणि इंग्रज सरकार कसे आपापला डाव खेळतात, ते बघायला वाचाल तर पैसे वसूल आहेत. आणि वाचताना तुमच्या तोंडून 'तिच्यामुळे' हा शब्द किती वेळा येतो, तो मोजा. माझा आला होता.

जुन्या भागाचं नाव मी बदललंय. आता ते 'मुमताजची साक्ष' आहे, आणि सुरुवातीला सात मिनिटं नव्याने जोडलीत, तिच्या साक्षीवर. ती आधी बहिणीला ऐकवली. ती म्हणाली, "आता ठीक आहे. पण अजून घाईत बोलतोस."

तेही सुधारतो. भेटू पुढच्या भागात.