गडाच्या वाटेवरील नायक



ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत मंदिराच्या बांधणीचा इतिहास दुसऱ्या कोणीं तरी लिहावा. मला तरुणांच्या उन्हाळी शिबिराविषयीं चार शब्द लिहूं द्यावे. (आम्हां कॅथलिकांस इमारतींचा इतिहास फार प्रिय, माणसांचा किंचित् कमी!)

हें शिबिर भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत भरतें, आणि ती भूमि या कामास योग्यच आहे. तोरणा हस्तगत झाला तेव्हां शिवाजी महाराजांचें वय सोळा-सतरा वर्षांहून फारसें अधिक नव्हतें. रायरेश्वरावर १६४५ सालीं झालेल्या शपथेची हकिकत परंपरेनें चालत आली आहे. तिच्या पुराव्याविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं. परंतु येसाजी कंक, तानाजी मालुसरे यांसारखे मावळे गडी जोखमीचीं कामें अंगावर घेऊनच मोठे झाले, याविषयीं वाद नाहीं.

ख्रिस्तसभेच्या इतिहासांतहि असाच दाखला सांपडतो. संत जॉन बॉस्को तुरीन शहरांतील मुलांस घेऊन शरद ऋतूंत बेक्की व मोंफेरातोच्या टेंकड्यांतून पायीं हिंडत. बरोबर मुलांचीं वाद्यें आणि नाटकाचें सामान असे. १८ डिसेंबर १८५९ रोजीं त्यांनीं आपला संघ स्थापिला, तेव्हां जमलेल्यांत बहुतेक त्यांच्याच हाताखालीं वाढलेले तरुण होते. बावीस वर्षांच्या मायकल रुआवर संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शनाचा भार पडला. तोच १८८८ सालीं त्यांचा उत्तराधिकारी झाला. एकवीस वर्षांचा जॉन काल्येरो पुढें १८७५ सालीं पहिल्या मिशनरींचा पुढारी होऊन दक्षिण अमेरिकेस गेला.

१९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें. चार तुकड्या केल्या आणि प्रत्येकीवर एक मुलगाच नायक नेमिला. फ्रान्समधील अनेक कॅथलिकांस ही स्काउट चळवळ परकी व संशयास्पद वाटे. पण येशूसंघीय फादर झाक सेव्हँ यांनीं १९१३ सालीं इंग्लंडास जाऊन ती स्वतः पाहिली, आणि १९२० सालीं फ्रान्समध्यें कॅथलिक स्काउटांची संघटना उभी केली.

हें सर्व मला ठाऊक होतें, तरी आपल्या पहिल्या शिबिरांत मीं नेमकें उलट वर्तन केलें. शिधा मीं मोजला, वाट मीं ठरविली, भांडणें मीं तोडिलीं. मुलें आनंदानें परतलीं. शिकलीं कांहींच नाहींत. दुसऱ्या वर्षीं आठ-आठ जणांच्या पांच तुकड्या करून प्रत्येकीचा कारभार नायकाच्या हातीं दिला.

त्या वर्षीं राजगडाची (२०२५ सालीं जागतिक वारशांत गेलेल्या त्याच गडाची) गुंजवण्याकडील वाट आम्हीं चढत होतों. ऊन्ह कडक होतें. चोरदरवाज्याच्या बऱ्याच खालीं एका तुकडीचें पाणी संपत आलें. तिची नायिका सोळा वर्षांची. तिनें कोणासहि न विचारतां तुकडी सावलींत थांबविली, उरलेलें पाणी घोट-घोट वाटलें, आणि आज वर जाणें नाहीं असें जाहीर केलें. इतरांनीं तिची थट्टा केली. माझ्याहि जिभेवर “चला, थोडेंच राहिलें आहे” हे शब्द आले होते. ते मीं गिळले. खालीं उतरतांना एका मुलास चक्कर आली, तेव्हां तिचा निर्णय किती योग्य होता हें सर्वांस कळलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे तिनेंच तुकडीस पद्मावती माचीवर नेलें.

यंदा कांहीं पालकांनीं शिबिर धर्मग्रामाच्या सभागृहांतच भरवावें अशी विनंति केली आहे. त्यांची काळजी मी खोटी म्हणत नाहीं. सोबत प्रथमोपचार जाणणारे मोठे असतील, आणि चढाई सकाळीं दहाच्या आंत संपेल. मात्र शिबिर डोंगरांतच होईल. नायकांची यादी मंदिराच्या दाराशीं लाविली आहे. पांचांपैकीं दोन जागा अद्याप रिकाम्या आहेत.