तापाचं औषध वयावर द्यायचं की वजनावर? उत्तर यकृतात आहे

जव्हार-मोखाड्याच्या अंगणवाडीत दोन वर्षांचं मूल वजनकाट्यावर जेमतेम आठ किलो भरणं नवीन नाही. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. कुपोषणाची चर्चा बहुतेक वेळा ताटाशीच थांबते. पण अशा मुलाला ताप आला की पॅरासिटामॉलचं गणितही बदलतं.

पोटात गेलेली बरीच औषधं यकृतात ‘सायटोक्रोम पी ४५०’ कुळातली एन्झाइम मोडतात. माणसात या कुळाची ५७ जनुकं आहेत. एकेक एन्झाइम म्हणजे सुमारे ५०० अमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी. तिचं एक टोक पेशीच्या आतल्या पडद्यात रुतलेलं, मध्ये एक पोकळी आणि त्या पोकळीत हीम. हो, रक्ताला लाल रंग देणारं तेच हीम! त्यातलं लोह ऑक्सिजन पकडतं आणि औषधाच्या रेणूवर प्रक्रिया करतं. कोणतं औषध आत मावेल, हे पोकळीचा आकार बऱ्याच अंशी ठरवतो. ‘सीवायपी ३ए४’ची पोकळी ऐसपैस, त्यामुळे तिथे मोठमोठे रेणूही शिरतात. ‘सीवायपी २ई१’ची मात्र अगदी चिंचोळी, तिथे दारू आणि पॅरासिटामॉलसारखे छोटे रेणू बसतात.

पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग दुसरी एन्झाइम निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर पाठवतात. थोडासा भाग २ई१कडे जातो आणि तिथे त्याचं ‘एनएपीक्यूआय’ बनतं. हे यकृताच्या पेशी मारणारं विष आहे. एरवी ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते लगेच निकामी करतो, म्हणूनच योग्य मात्रेत हे औषध सुरक्षित आहे. पण ग्लुटाथायोन बनतं तीन अमिनो आम्लांपासून, म्हणजे मुळात डाळ, अंडी, दूध यांतल्या प्रथिनांतून. तीव्र कुपोषणात हाच साठा खालावतो.

मुलांना एका वेळी वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल देतात. दोन वर्षांचं निरोगी मूल साधारण १२ किलोचं असतं, त्याला १८० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आठ किलोच्या मुलाची मर्यादा १२०, आणि ते तीव्र कुपोषित असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. गडबड होते ती सिरपमध्ये. एका बाटलीत ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतं, तर दुसरीत २५०. वय बघून दुसऱ्या बाटलीतलं ५ मिली पाजलं, तर आठ किलोच्या मुलाला एकाच वेळी दुपटीहून जास्त औषध जातं. ‘५ मिलीत किती’ हा आकडा लेबलवर छापलेला असतो, बारीक अक्षरात.