शोथ, शस्त्र आणि पथ्य

शरीराचा एखादा भाग सुजावा, लाल व्हावा, तापावा आणि ठणकूं लागावा, हा अनुभव मनुष्यजातीइतकाच जुना आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत हींच चार लक्षणें नोंदविलीं, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस तीं आजहि शिकविलीं जातात. सुश्रुतसंहितेनें याखेरीज काळाचाहि विचार केला. शोथ कच्चा आहे, पिकत आहे, कीं पुरता पिकला आहे, हें ज्यास ओळखतां येतें तोच वैद्य. इतरांस ग्रंथकारानें सरळ चोरांच्या पंक्तीस बसविलें आहे. ही कठोर भाषा उगीच आलेली नाहीं. कच्च्या शोथावर शस्त्र चालविलें तर शिरा तुटून रक्त वाहे. पिकलेला तसाच राहूं दिला तर पू खोल शिरून नाडीव्रण होई. दोहींकडे गांठ रुग्णाच्या जिवाशीं होती.

मग शस्त्राची वेळ येऊंच नये म्हणून काय करावें? व्रणाच्या ६० उपक्रमांत सुश्रुतानें पहिला मान अपतर्पणास, म्हणजे लंघनास, दिला आहे. लेप आणि परिषेक त्यामागून येतात. मात्र गर्भिणी, वृद्ध, बालक, दुर्बळ व भित्रा यांस उपास घडवूं नये, अशी मर्यादाहि तेथेंच घातली आहे. उपवासाच्या उत्साही पुरस्कर्त्यांचें लक्ष या मर्यादेकडे क्वचितच जातें.

व्रणिताच्या दिनचर्येचें चित्र सूत्रस्थानाच्या १९ व्या अध्यायांत आहे. घर स्वच्छ व निवाऱ्याचें, शय्या ऐसपैस, आणि उशाशीं गोष्टी सांगून वेदना विसरावयास लावणारे गोड बोलणारे मित्र! दिवसा झोंप नको, कारण तिनें कंड, सूज, लाली व स्राव वाढतो, असें तेथें म्हटलें आहे. नवें धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, आंबट, खारट, गूळ, वाळलेलें मांस व मद्य वर्ज्य. खावा तो जुन्या तांदळाचा ऊन, सैलसर, बेताच्या तुपाचा भात. सोबत मुगाचें कढण, तांदुळजा, चाकवत, कोवळा मुळा, कारलें, डाळिंब, आवळा, सैंधव. जांगल प्राण्यांचें मांसहि सांगितलें आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

पू जंतूंमुळें होतो, हें एकोणिसाव्या शतकांत सिद्ध झालें. पथ्यानें ते जंतु मरत नाहींत, आणि पिकलेल्या गळवास आजहि शस्त्रच लागतें. परंतु जखम भरून येण्यास प्रथिनें अधिक लागतात, असें आधुनिक आहारशास्त्र सांगतें. त्या दृष्टीनें कढण व मांस हा या पथ्याचा सर्वांत भक्कम भाग ठरतो, आणि नुसतें लंघन सर्वांत धोक्याचा.

हा ग्रंथ मधुसूदन गुप्त यांनीं कलकत्त्यास १८३५-३६ सालीं छापून प्रसिद्ध केला. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली प्रत डल्हणाच्या टीकेसह १९१५ सालीं काढली. तोंवर पोथी बाळगणाऱ्या वैद्याच्या तोंडूनच ऐकावें लागणारें पथ्य यापुढें संस्कृत जाणणाऱ्या कोणाहि गृहस्थास स्वतः ताडून पाहतां येऊं लागलें, आणि उपासाची ती मर्यादाहि.